ऑक्युबाची ऐंशी वर्षे

पावसाळ्यात बांधावरच्या कुंपणावर कर्टोलीचे वेल चढतात, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. एखाद्या वेलावर पिवळी फुले पुष्कळ दिसतात, पण कर्टोले एकही धरत नाही. घरातले जाणते माणूस लगेच सांगते, "अरे, तो नर वेल आहे. त्याला फळ कुठून येणार?" आणि मादी वेल असला, पण आसपास नर वेल नसला, तरी फुले नुसती गळून जातात. ह्या साध्या नियमापायी एका नामांकित झुडपाला परमुलखात ऐंशी वर्षे फळावाचून काढावी लागली. त्याची हकीकत आज सांगतो.

झुडपाचे नाव ऑक्युबा. मूळ गाव जपान. तिकडे त्याला 'आओकी' म्हणतात. म्हणजे हिरवे झाड. नाव अगदी शोभते, कारण त्याच्या पानांबरोबर फांद्याही हिरव्याच राहतात. झुडूप माणसाच्या उंचीच्या आसपासचे, भरगच्च आणि बारमाही हिरवे. वसंतात त्याला बारीक जांभळट फुले येतात. पण खरी शोभा त्याच्या एका जातीच्या पानांची. गर्द हिरव्या चकचकीत पानांवर सोनेरी ठिपके असतात. जणू कोणी हळदीचे पाणी शिंपडले आहे!

हे ठिपक्यांचे झुडूप जॉन ग्रेफर नावाच्या बागवानाने 1783 साली इंग्लंडात आणले. त्या काळी जपानचे दरवाजे परक्यांना बंद होते. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना थारा होता, आणि तोही नागासाकीजवळच्या देशिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर. थुनबर्ग नावाचा स्वीडिश वैद्य डचांच्या नोकरीत राहून 1775 साली तिथे पोचला आणि जपानी वनस्पतींचा अभ्यास करून आला. ऑक्युबाचे शास्त्रीय नाव त्यानेच ठेवले.

इंग्लंडात आरंभी ह्या झाडाला काचघरात, उबेला ठेवीत. मागाहून कळले की, त्याला थंडी सोसते, दाट सावली सोसते आणि शहरातला कोळशाचा धूरही सोसतो. मग काय विचारता! जिथे दुसरे झाड तग धरत नसे, अशा काळवंडलेल्या अंगणांतही ऑक्युबा उभा राहू लागला.

आता तुम्ही विचाराल, एका झाडाची एवढी झाडे झाली कशी? फांदी छाटून जमिनीत खोचली की ऑक्युबा मुळे धरतो. आपण गुलाबाची काडी लावतो, तसेच हे. पण इथेच मेख होती. देवगडच्या हापूसचे कलम लावले म्हणजे आपण नवा आंबा निर्माण करीत नाही. त्याच मूळ झाडाचे अंग दुसरीकडे वाढवतो. इंग्लंडात आलेला ऑक्युबा मादी होता. त्यामुळे त्याच्या फांदीपासून झालेले प्रत्येक झुडूपही मादीच निघाले. बागा भरल्या, गल्ल्या भरल्या, पण नर झाड एकही नाही. फुले यावीत आणि गळावीत. जपानात ह्याच झाडाला थंडीच्या दिवसांत लालबुंद फळे लागतात. इंग्लंडात मात्र फळाचा पत्ता नाही.

कारण उमगले, तरी उपाय जपानच्या बंद दाराआड होता. पुढे 1854 साली अमेरिकेशी तह झाला आणि 1859 साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले. लगेच 1860 साली रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा स्कॉटिश माणूस जपानात उतरला. हा गृहस्थ आपल्यालाही अगदी परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीसाठी चिनी वेष करून चीनच्या अंतर्भागात शिरणारा आणि तिथली चहाची रोपे हिमालयाच्या उतारांवर पाठवणारा तो हाच. जपानात जाण्यामागे त्याचे जे हेतू होते, त्यांपैकी एक म्हणजे ऑक्युबाचा नर शोधणे.

आणि तो सापडला कुठे? दूरच्या डोंगरात नव्हे, तर योकोहामात राहणाऱ्या डॉक्टर हॉल ह्या अमेरिकन गृहस्थांच्या बागेत!

सापडला खरा, पण नेणार कसा? महिनोन् महिने समुद्राचा प्रवास, खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई. ह्यावरचा उपाय लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरने आधीच शोधून ठेवला होता. बंद बाटलीत त्याने पतंगाचा कोश ठेवला होता; तिच्यातल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला त्याला दिसला. आतली वाफ काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते, म्हणून झाड वरून पाणी न घालताही जगते. त्यावरून काचेच्या बंद पेट्या तयार झाल्या. फॉर्च्यूनने चहाची रोपे अशाच पेट्यांतून पाठवली होती.

ऑक्युबाचा नर इंग्लंडातल्या बॅगशॉट गावच्या रोपवाटिकेत पोचला. त्याच्या परागाने तिथल्या मादी झाडांना फळे धरली आणि 1864 साली लंडनच्या केन्सिंग्टन भागात ती लाल फळांनी लगडलेली झाडे लोकांपुढे मांडली. पाहणारे थक्क झाले. ज्या झुडपाला नुसते पानांचे झाड म्हणून तीन पिढ्यांनी पाहिले, ते फळांनी वाकले होते! झाडात काही खोट नव्हती. त्याला जोडीदार नव्हता, एवढेच. आपल्याकडेही फळ नाही म्हटले की दोष चटकन एकाच्याच माथी मारला जातो. ऑक्युबाची गोष्ट अशा वेळी आठवावी.

ऑक्युबा देशावरच्या उन्हात लावण्याजोगा नाही. कडक उन्हाने त्याची पाने करपतात. थंड हवेच्या ठिकाणी, सावलीतच तो खुलतो. त्याचा एक भाऊबंद दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या डोंगरांत रानटी उगवतो. पण त्याच्यापासून शिकलेली बागवानी आपल्या अंगणातही उपयोगी पडते. चट्टेरी पानांचे झाड जसेच्या तसे हवे असेल, तर त्याची फांदी लावा. बियांतून ते तसेच येईल अशी खात्री नसते. अशा झाडावर नुसत्या हिरव्या पानांची फांदी फुटली, तर ती वेळीच छाटा. हिरवी फांदी जोमाची असते, ती ठिपक्यांच्या फांद्यांना मागे टाकते. आणि नवे काही निपजावे असे वाटत असेल, तर मात्र बीच पेरायला हवे. फळे धरू लागल्यावर युरोपातही ऑक्युबाच्या नव्या नव्या जाती निघाल्या.

गुरुजनांना एक विनंती. येत्या पावसात मुलांना बांधावर न्या आणि कर्टोलीची फुले दाखवा. फुलाखाली इवलेसे कर्टोले दिसले, तर तो वेल मादी. नाही तर नर. मग मुलांना ही योकोहामाची गोष्ट सांगा. ती त्यांच्या चांगली ध्यानात राहील.