दुष्काळातला तंबू सिनेमा

आज १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलू, पण जरा वेगळ्या वाटेनं.

त्या वर्षी आपल्याकडे विहिरी आटल्या, गुरं कवडीमोलानं विकली गेली. राज्यभर लाखो माणसं दुष्काळी कामांवर गेली. बाया खडी फोडत, पाझर तलावाची माती वाहत. खायला परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी.

त्या काळी यात्रेत तंबू सिनेमा येई. भोंगा लावलेली गाडी गावोगाव पुकारा करी. तंबूत जमिनीवर बसायचं, बायांची बाजू वेगळी. पोटाला चिमटा असताना सिनेमा कशाला, असं घरात ऐकावं लागे. पण दिवसभर राबणाऱ्या बाईला तिथं दोन-तीन तास कुणी हाक मारत नसे. तो विसावा लहान नव्हता.

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला. ‘शोले’ही त्याच वर्षीचा. तरी थोड्या खर्चात काढलेला हा सिनेमा तुफान चालला. बाया चपला काढून बसत, देवी दिसली की पडद्याकडे फुलं, नाणी टाकत. त्यातली सत्यवती सासरी राबणारी, छळ सोसणारी सून. देवीचा प्रसाद गूळ-चण्यांचा, म्हणजे गरिबालाही परवडणारा. आपलं दुःख पडद्यावर दिसलं आणि शेजारणीचेही डोळे भरलेले दिसले. मग ते एकटीचं राहिलं नाही.

पुढच्याच वर्षी शेजारच्या गुजरातेतल्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये काढून ‘मंथन’ सिनेमा उभा केला. दूध सोसायटीची ती गोष्ट. त्यात काम केलं स्मिता पाटील यांनी, आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांच्या लेकीनं. शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले.

सिनेमानं पाऊस पडला नाही की चूल पेटली नाही. चूल पेटली ती कामानं. त्या कामाचा हक्क रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यानं मिळाला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घण उचलायला मनालाही बळ लागतं.

आज कापसाचा भाव पडतो, गटाचा हप्ता थकतो. सिनेमा मोबाईलवर आला, पण आपण तो एकेकट्या बघतो. महिन्यातून एकदा बैठकीनंतर सगळ्या मिळून बघू या. थकलेल्या हप्त्याचं मनातलं ओझंही तिथंच बोलून हलकं करू.