बहिणीने बहिणीस सांगावे



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो चारचौघांत काढावयाचा विषय नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. तो विषय म्हणजे स्तनाचा कर्करोग. या रोगाचा इतिहास म्हटला की शल्यक्रियेचा, क्षकिरणांचा आणि औषधांचा इतिहास सांगितला जातो. तो मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या जोडीने दुसराही एक इतिहास घडला आहे आणि तो मुख्यतः स्त्रियांनी घडविला आहे. या रोगाविषयी तोंड उघडण्याचा तो इतिहास आहे.

मी शाळेत इतिहास शिकविते. तरी या इतिहासाकडे मी वळले ती पुस्तकांमुळे नव्हे. माझ्या थोरल्या बहिणीने छातीतील गाठ सात महिने कोणास सांगितली नाही. आम्ही दोघी याच बालाघाटात दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहत होतो आणि रोज संध्याकाळी भेटत होतो. अखेर हात वर करून दोरीवर कपडे वाळत घालता येईनात, तेव्हा ती बोलली. गोंदियामार्गे तिला नागपूरला नेले, तोवर रोग पुष्कळ पुढे गेला होता. "आधी का नाही सांगितलंस, ताई?" असे मी एकदा काहीशा रागानेच विचारले. ती म्हणाली, "सांगायचं कुणाला, आणि कोणत्या शब्दांत?" ती गेली त्यास आता नऊ वर्षे झाली. तिच्या त्या प्रश्नाला ज्या स्त्रियांनी उत्तर दिले, त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पहिली स्त्री दोनशे वर्षांपूर्वीची. फॅनी बर्नी ही इंग्रज कादंबरीकर्त्री त्या वेळी पॅरिसमध्ये राहत होती. १८१० साली तिला छातीत वेदना जाणवू लागल्या. घरच्यांनी आग्रह करूनही ती वैद्यास दाखविण्याचे टाळीत राहिली. शेवटी ३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातील प्रसिद्ध शल्यविशारद लारे यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची विद्या तेव्हा अवगत नव्हती, आणि ती बहुतेक वेळ शुद्धीवर होती. पुढे काही महिन्यांनी तिने आपल्या बहिणीस, एस्थरला, एक दीर्घ पत्र लिहिले आणि आपली टाळाटाळ, आपले भय आणि आपल्या यातना यांपैकी काहीही त्यात लपविले नाही. फॅनी शस्त्रक्रियेनंतर अठ्ठावीस वर्षांहून थोडी अधिक जगली. एका स्त्रीने स्वतःच्या अनुभवाचा असा वृत्तांत लिहावा आणि तो बहिणीस लिहावा, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

एकोणिसाव्या शतकात भूल आणि जंतुनाशके आली. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील गाठीही काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. तिच्यामुळे अनेकींचे प्राण वाचले. परंतु घरी परतलेल्या स्त्रीने हात कसा उचलावा, पोलके कसे शिवावे, नवऱ्याशी व मुलांशी काय बोलावे, हे तिला कोणी सांगत नसे. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर या स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया झाली. आपल्या प्रश्नांना उत्तर मिळत नाही असे पाहून, बरी झाल्यावर तीच इतर रोग्यांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागली. हाताच्या व्यायामासाठी चेंडू आणि दोरी, पोलक्यात घालावयाची तात्पुरती गादी आणि 'मीही यातून गेले आहे' हे एक वाक्य, एवढेच तिचे भांडवल होते. कित्येक डॉक्टरांस ही ढवळाढवळ वाटली. काही ठिकाणी तिला मज्जावही झाला. तरीही तिने हे काम सोडले नाही. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तिचा उपक्रम आपलासा केला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला.

त्या काळी शब्दांचीच केवढी अडचण होती पाहा! अशाच रोगातून उठलेल्या फॅनी रोझेनाऊ या बाईंनी आपल्या मंडळाची जाहिरात देण्यासाठी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकास दूरध्वनी केला. 'स्तन' आणि 'कर्करोग' हे दोन्ही शब्द आम्ही छापू शकत नाही, असे उत्तर मिळाले. त्याऐवजी 'छातीच्या भिंतीचे विकार' असे म्हणता येईल, अशी सूचनाही मिळाली. शब्दांचा संकोच केवळ आपल्याच गावात आहे असे नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

ही कोंडी १९७४ साली बरीचशी फुटली. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यांनी ती लपविली नाही, आणि ती बातमी वाचून असंख्य स्त्रिया तपासणीस गेल्या. त्याच वर्षी रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीस छातीत गाठ आढळली. तपासणीसाठी भूल द्यावयाची आणि कर्करोग निघाला तर त्याच गुंगीत स्तन काढून टाकावयाचा, अशी तेव्हा पद्धत होती. कुशनर म्हणाल्या, आधी मला जागे करा, रोग काय ते सांगा, मग निर्णय मी घेईन. यास कबूल होणारा शल्यविशारद मिळविण्यासाठी त्यांना अनेक दारे ठोठवावी लागली. १९७९ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी तपासणी व शस्त्रक्रिया वेगवेगळ्या कराव्यात असा निर्वाळा दिला. त्या तज्ज्ञांत डॉक्टर नसलेल्या कुशनरही होत्या. रोगी हा केवळ खाटेवरचा देह नव्हे, त्याचेही म्हणणे असते, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे तोंड उघडण्याआधी रोग्यास जावयाला ठिकाण हवे होते, आणि तेथेही स्त्रियांचा संबंध आहेच. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने अंत झाला. ज्या आजारावर भारतात धड उपचार नव्हते, त्यासाठी येथेच रुग्णालय असावे हा विचार त्या दुःखातून निघाला, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तिकडे मद्रासला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली. डॉ. रेड्डी १९२७ साली मद्रासच्या विधिमंडळात आलेल्या, ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री सभासद. बहिणीचे दुःख त्यांनी मनात कोंडून ठेवले नाही. स्त्रियांच्या संघटनेच्या बळावर निधी गोळा केला, सरकारदरबारी नकार पचविले, आणि १९५४ साली अड्यार येथे अवघ्या १२ खाटांचे कर्करोग रुग्णालय सुरू केले. पुढे डॉ. व्ही. शांता यांनी २०२१ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत त्या संस्थेची सेवा केली.

रुग्णालये उभी राहिली, तरी रोगी बाया उशिराच येत. मग दाराशी येणाऱ्या बाईची वाट पाहण्यापेक्षा तिच्याच दाराशी का जाऊ नये? १९९८ साली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या गरीब वस्त्यांत हा प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. त्यांतील निम्म्या जणींची तपासणी हातांनी करावयाची होती. आणि ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, तर शालेय शिक्षण झालेल्या व या कामाचे खास शिक्षण दिलेल्या स्त्रिया होत्या. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडत होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि महागडी यंत्रे नसताना, शिकविलेल्या स्त्रीच्या हातांनी एवढे साधावे, ही लहान गोष्ट नव्हे.

उपचार चालू असलेल्या रोग्यांना आधार देण्याचे कामही स्त्रियांनीच हाती घेतले. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली मुंबईत 'व्ही केअर' ही संस्था काढली. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या देविका भोजवानी यांनी टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने स्त्रियांच्या कर्करोगासाठी कार्य उभारले. बाहेरगावच्या गोंधळलेल्या कुटुंबास वाट दाखविणे, उपचारासाठी पैसा उभा करणे, आणि 'मीही यातून गेले आहे' हे सांगणे, असे हे काम आहे. लॅसरबाईंचेच ते वाक्य सात समुद्र ओलांडून आले, असे म्हणावयास हरकत नाही.

हे सारे मुंबई-मद्रासचे झाले, आपल्या वैनगंगेकाठी त्याचे काय, असे आपण विचाराल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली ठरविले आहे. ती तपासणी आरोग्यसेविकेने करावयाची, आणि घरोघर जाऊन बायांना तेथवर आणावयाचे काम आशा कार्यकर्तीचे. या आशाताईंच्या डोक्यावर लसीपासून बाळंतपणापर्यंत शेकडो कामांचा भार आहे. तेव्हा ती दाराशी येईल तेव्हा तिला 'नंतर ये' म्हणून परत पाठवू नका. तिला बसवा, पाणी द्या, आणि ती विचारील त्याचे खरे उत्तर द्या.

केवळ बोलल्याने रोग बरा होत नाही, हे मी जाणते. नागपूर दूर आहे, रोजगार बुडतो, खर्च मोठा असतो. पात्र कुटुंबांसाठी २०१८ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय आहे. पण तिचा उपयोगही रोग सांगितल्यावरच. आणि पुरुषांसही माझे सांगणे आहे. घरातील स्त्री असे काही बोलू लागली, तर मान खाली घालून उठून जाऊ नका. तिच्याबरोबर रुग्णालयात चला.

भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. छातीत किंवा काखेत गाठ लागणे, कातडी आत ओढली जाणे किंवा तिला खळी पडणे, बोंडातून रक्त येणे, बोंड नव्याने आत वळणे, यांपैकी काहीही दिसले तरी डॉक्टरांस दाखवा. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कर्करोगाची गाठ आरंभी पुष्कळदा दुखत नाही. म्हणून दुखत नाही याचा अर्थ भय नाही, असा करू नका.

सांगायचे कुणाला, असे ताईने विचारले होते. मी रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसत होते. मलाच सांगायचे होते. आणि कोणत्या शब्दांत? 'मला इथे गाठ लागते आहे, माझ्याबरोबर चल', एवढे पुरे होते. हे वाक्य तिला आधीच ठाऊक असावे, म्हणून मी कधी काही बोलले नाही, ही माझीही चूक होती. आज संध्याकाळी आपल्या बहिणीशी, जावेशी, शेजारणीशी या विषयावर आपण होऊन बोला.