बाराखडी कोण शिकवणार?

1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लेखी निवेदन दिलं. नुसत्या शाळा काढा, एवढंच त्यात नाही. शिकवणारा कोण, तो तयार कसा करायचा, हेही आहे. प्राथमिक शाळांतले मास्तर बहुतेक ब्राह्मण, सोवळ्यापायी ते पोरांपासून लांब राहतात. म्हणून नांगर धरायला लाजणार नाहीत, खालच्या थरात मिसळतील असे मास्तर ट्रेनिंग देऊन तयार करा. ट्रेनिंगात शेती न् आरोग्याची माहिती हवी. पगार 12 रुपयांच्या खाली नको. पोरांना मोडी-बालबोध लिहिता-वाचता यावं, हिशेब यावा.

हे सगळं अनुभवातून आलेलं. 1848 पासून जोतीरावांनी पुण्यात शाळा चालवल्या. सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकवलं, मग त्या मास्तरीण झाल्या. त्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या 14 वर्षांच्या मांगाच्या पोरीनं 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखाचा निबंध लिहिला.

मी पिंपरीच्या झोपडपट्टीतला. पहिलीत पाटीवर 'व्हतं' लिहिलं. गुरुजींनी खोडलं, वर्ग हसला. 'होतं' शिकवायलाच हवं होतं. पण 'व्हतं' माझ्या आईचं आहे, हे गुरुजींना ट्रेनिंगात कुणी सांगितलं नसावं. त्यानंतर कितीतरी दिवस मी पाटी कोरीच ठेवली.

आज चाकणच्या खोल्यांतून मराठवाड्याची, बिहारची पोरं राहतात. उद्याचे मास्तर डी.एल.एड. करतायत. दोस्तांनो, त्यांना आधी या पोरांचं बोलणं ऐकायला शिकवा. मग फळ्यावर अक्षर काढू द्या. जोतीरावांची मागणी अजून पुरी व्हायची आहे.