एएमडी६४ची कुळकथा

इंटेलच्या यंत्रावर डेबियन लिनक्स चढवायचं तर उतरवून घ्यायच्या फाइलच्या नावात ‘एएमडी६४’ असतं. प्रतिस्पर्ध्याचं नाव इंटेलच्या कपाळी लागलं त्याला कारण इंटेलच.

३२ बिटांच्या प्रोसेसरला ४ जीबीपलीकडची मेमरी सरळ हाताळता येत नाही, आणि डेटाबेस तर फुगत चालले होते. एचपीच्या संशोधनाचा धागा धरून १९९४ साली इंटेल आणि एचपीने जुनं सगळं बाजूला ठेवत नवं आर्किटेक्चर आखायला घेतलं. २००१ मध्ये आयटेनियम आला. १२८ बिटांच्या गठ्ठ्यात तीन सूचना. कोणत्या एकदम चालवायच्या हे कंपायलरनेच आधी ठरवायचं. कागदावर बिनतोड! कॉम्पॅकने त्याच वर्षी कागदावर भरवसा ठेवून आपला उत्तम अल्फा प्रोसेसर गुंडाळायचं जाहीर केलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात घाट्याचा सौदा तोच. इंटेलच्या जुन्या एक्स८६ सूचनासंचाचे प्रोग्राम तर आयटेनियमवर रखडतच चालत.

एएमडीने जुन्याच घरावर मजला चढवला. हेक्समध्ये ४० ते ४एफ हे सोळा बाइट रजिस्टरमधला आकडा एकाने वाढवायला किंवा घटवायला राखलेले होते. हेच काम एका बाइटने लांब अशा दुसऱ्या सूचनेनेही होई. ६४ बिटांच्या मोडपुरते एएमडीने ते सोळा काढून घेतले आणि सूचनेआधी लावायचा उपसर्ग केला. त्या एका बाइटमुळे गणित ६४ बिटांचं झालं, रजिस्टरं आठाची सोळा झाली. ३२ बिटांचा जुना प्रोग्रामही त्याच चिपवर पूर्ण वेगाने चाले, आणि सर्व्हर विकणाऱ्याला गिऱ्हाइकापुढे नेमकं हेच सांगायला हवं होतं.

एएमडीची ही चिप, ऑप्टेरॉन, २२ एप्रिल २००३ला बाजारात उतरली. त्याच वर्षी आयबीएमने त्यावर सर्व्हर काढला, सननेही एएमडीशी हात मिळवला. फेब्रुवारी २००४ मध्ये खुद्द एचपीने आपल्या प्रोलायंट सर्व्हरमध्ये ऑप्टेरॉन घेतला, आयटेनियमच्या जन्मदात्यानेच! त्याच महिन्यात इंटेलने आपल्या झिऑन या सर्व्हर प्रोसेसरला ६४ बिट देण्याची घोषणा केली. सूचना जवळपास जशाच्या तशा एएमडीच्या, लेबल तेवढं स्वतःचं. डेल मात्र २००६ पर्यंत इंटेललाच धरून राहिली.

आयटेनियम रेंगाळला. ओरॅकलने २०११ मध्ये त्यासाठी नवं सॉफ्टवेअर काढणार नाही म्हटल्यावर एचपीने कोर्टात खेचलं, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने ३ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. शेवटच्या चिपा २०२१ मध्ये रवाना झाल्या. अल्फावरून आयटेनियमवर नेलेली ओपनव्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम पुढच्याच वर्षी एएमडीच्या त्या सूचनासंचावर आली.