मुलाबरोबर घरही

मुंबईत ‘वाया गेलेल्या’ मुलांची पहिली सोय झाली ती सुधारगृहात. डेव्हिड ससून यांच्या नावाची संस्था १८५७ची. पुढे १९२४चा मुंबई बालकायदा आला, १९२७मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची वाट तयार झाली. हे काम मोलाचेच होते. पण मूल न्यायालयापुढे उभे राहीपर्यंत या व्यवस्थेची नजर त्याच्याकडे वळत नसे. चोरीमारी न करणारे, पण शाळा बुडवणारे, झोपेत किंचाळणारे, मोठे होऊनही अंथरूण ओले करणारे मूल न्यायचे कुठे? १९१२चा वेड्यांविषयीचा कायदा मुख्यतः त्यांच्या इस्पितळांपुरता होता. घरी उरे तो मार किंवा अंगारा.

ही पोकळी भरण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न इस्पितळाने केला नाही, समाजकार्याच्या शाळेने केला. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत नेबरहूड हाउस चालवले आणि तिथेच १९३६मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय उभे राहिले; आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. विद्यालयाने १९३७मध्ये काढलेले बालमार्गदर्शन केंद्र देशातले पहिले मानले जाते. जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी मानसोपचाराचा विभाग सुरू केला तो त्यानंतर, १९३८मध्ये. बालमार्गदर्शनाच्या पद्धतीत मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने समाजकार्यकर्त्याची जागा असते. त्याने घरी जायचे, आईवडिलांशी आणि शिक्षकांशी बोलायचे, खोलीत किती माणसे झोपतात, बाप कामावर आहे की घरी बसला आहे, हे पाहायचे. मुलाचा त्रास समजून घेताना घरही समजून घ्यायचे, हा विचार त्यामुळे कामाच्या रचनेतच रुजला.

ही कल्पना परकी, असा आक्षेप घेता येतो. शिकागोत विल्यम हीली यांनी १९०९मध्ये बालन्यायालयाच्या आधाराने असेच काम सुरू केले होते, हे खरे. पण कुटुंबाला उपचारात सामील करून घेणे आपल्याकडे रुजणार नाही, असे अनुभव सांगत नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. ते रुग्ण प्रौढ होते. तरीही घरचे लोक उपचारापासून पळत नाहीत, हे तिथे दिसले. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. घराकडे बोट दाखवले की ते बहुधा आईवरच रोखले जाते, आणि गेल्या शतकातल्या बालमानसशास्त्राने आयांवर अन्याय केला, यात शंका नाही. तो टाळायचा तर घर अधिक नीट पाहावे लागेल: बापाची नोकरी, खोलीचे भाडे, शाळेतली वागणूक, सगळेच. केवळ दवाखान्यातल्या टेबलापलीकडून यातले फार थोडे दिसते.

आजच्या कायद्यांत घर पाहण्याचा हा विचार अर्धाच उतरला आहे. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाच्या घरची, शाळेची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपास अहवाल बालन्याय मंडळापुढे यावा लागतो. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा अल्पवयीन रुग्णासोबत रुग्णालयात घरच्या किंवा जबाबदार माणसाने राहावे, असे सांगतो. मात्र त्याच्या घरी कोणी जावे, अशी सक्ती करत नाही. म्हणजे आरोपी मुलाचे घर पाहणे कायद्याने बंधनकारक, आणि ज्याने कोणाचे काही बिघडवले नाही, जे नुसतेच सोसते आहे, त्या मुलाचे घर पाहायला जाणे मात्र बालमार्गदर्शन केंद्राच्या ऐपतीवर आणि इच्छेवर सोडलेले.