मनोरंजन-उद्यानांतील निवासव्यवस्था

मोठी मनोरंजन-उद्याने पाहावयास दुरून येणाऱ्या प्रवाशांच्या मुक्कामाची सोय. एखाद्या कल्पनेभोवती वा कथाविश्वाभोवती रचलेले विस्तीर्ण उद्यान, म्हणजेच थीम पार्क, बहुधा एका दिवसात पाहून होत नाही. त्यामुळे प्रवाशाला जवळपास एक वा अधिक रात्री राहावे लागते. ही सोय दोन प्रकारची असते. उद्यानाच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील जमिनीवर असलेली हॉटेले हा पहिला प्रकार, तर उद्यानाच्या हद्दीबाहेर स्वतंत्र व्यावसायिकांनी चालविलेली हॉटेले, मोटेल आणि भाड्याची घरे हा दुसरा प्रकार होय. आवारात राहावे की आवाराबाहेर, हा प्रश्न वरवर पाहता प्रवाशाच्या सोयीचा व खर्चाचा दिसतो. परंतु त्यामागे जमिनीची मालकी, उद्यानचालकांचे भांडवल आणि भोवतालच्या नगरांचे अर्थकारण यांचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : उद्यानालगतच्या निवासाची कल्पना थीम पार्कपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे आधी समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांची हॉटेले झाली. मॅनहॅटन बीच हॉटेल १८७७ मध्ये सुरू झाले. स्टीपलचेस पार्क (१८९७) व ल्यूना पार्क (१९०३) ही करमणुकीची उद्याने त्यानंतरची आहेत. ओहायओ राज्यातील सीडर पॉइंट येथे १९०५ मध्ये हॉटेल ब्रेकर्स उघडण्यात आले व ते त्या उद्यानाचाच भाग बनले. या काळातील प्रवासी रेल्वेने वा आगबोटीने येत असत. त्यामुळे जेथे उतरावयाचे, तेथेच राहावयाचे हा क्रम स्वाभाविक होता. मोटारीच्या प्रसारानंतर हा क्रम बदलला. मोटारीने येणाऱ्या कुटुंबाला काही किलोमीटर दूर असलेले स्वस्त मोटेलही चालू लागले आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उद्‌भवला.

ॲनाहाइमचा अनुभव : वॉल्ट डिझ्नी (१९०१–६६) यांनी कॅलिफोर्निया राज्यातील ॲनाहाइम येथे सु. १६० एकर (सु. ६५ हे.) जमिनीवर डिझ्नीलँड उभारले. ते १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. बांधकामाचा खर्च सु. १.७ कोटी डॉलरपर्यंत गेला व त्यासाठी अमेरिकन ब्रॉडकास्टिंग कंपनीला सुमारे एक-तृतीयांश भागीदारी द्यावी लागली. हॉटेल बांधण्यासाठी डिझ्नी यांच्याजवळ पैसा उरला नव्हता. त्यांनी दूरचित्रवाणी-निर्माते जॅक रॅदर (१९१८–८४) यांना उद्यानाशेजारी हॉटेल बांधण्यास राजी केले. ऑक्टोबर १९५५ मध्ये सुरू झालेले हे डिझ्नीलँड हॉटेल नावाने डिझ्नीचे, पण मालकीने रॅदर यांचे होते. १९६१ मध्ये उद्यानातील मोनोरेल या हॉटेलापर्यंत नेण्यात आली. तरीही ते डिझ्नी कंपनीच्या हाती येण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

उद्यानाभोवतीच्या संत्र्यांच्या बागा थोड्याच वर्षांत नाहीशा झाल्या. हार्बर बुलेव्हार्ड व कटेला अव्हेन्यू या रस्त्यांवर झगमगत्या पाट्यांची मोटेल, उपाहारगृहे आणि दुकाने यांची रांग लागली. उद्यान डिझ्नी यांनी उभारले होते. मात्र त्यामुळे जमिनीचे जे मोल वाढले, त्याचा मोठा लाभ शेजाऱ्यांनी घेतला. शिवाय उद्यानात काळजीपूर्वक उभे केलेले काल्पनिक जग फाटकाबाहेर पाऊल टाकताच संपत असे. ही खंत डिझ्नी यांना अखेरपर्यंत वाटत राहिली. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ॲनाहाइमची परिस्थिती सोयीची ठरली. हार्बर बुलेव्हार्डवरील कित्येक मोटेलांपासून उद्यानाचे प्रवेशद्वार काही मिनिटांच्या पायी अंतरावर आहे. आवारातील डिझ्नीलँड हॉटेलाच्या तुलनेत त्यांतील काही प्रवेशद्वाराला अधिक जवळ आहेत. आवारातील निवास म्हणजे जवळचा निवास, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

फ्लॉरिडातील प्रयोग : ॲनाहाइमचा धडा लक्षात ठेवूनच डिझ्नी कंपनीने फ्लॉरिडात जमीन घेतली. १९६४-६५ मध्ये निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत, खरा खरेदीदार गुप्त ठेवून, ऑरलँडो शहराच्या नैर्ऋत्येस सु. २७,००० एकर (सु. ११,००० हे.) जमीन गोळा करण्यात आली. ऑक्टोबर १९६५ मध्ये स्थानिक वृत्तपत्राने हे गुपित फोडले व नोव्हेंबरमध्ये अधिकृत घोषणा झाली. राज्याच्या विधिमंडळाने १९६७ मध्ये रीडी क्रीक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट हा स्वतंत्र प्रशासकीय विभाग निर्माण केला. रस्ते, मलनिस्सारण, जलनिकास, इमारतींचे नियम इ. नगरपालिकेची बहुतेक कामे त्याच्याकडे आली आणि तो व्यवहारतः कंपनीच्या प्रभावाखाली राहिला. आपल्या भूमीवर कोणी, किती व कसे हॉटेल बांधावे, हे ठरविणे त्यामुळे कंपनीला शक्य झाले. २०२३ मध्ये कायदा बदलून या विभागाचे नाव व त्याच्या मंडळाच्या नेमणुकीची पद्धत बदलण्यात आली.

वॉल्ट डिझ्नी यांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रॉय डिझ्नी (१८९३–१९७१) यांनी हे काम पूर्ण केले. वॉल्ट डिझ्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, तेव्हा उद्यानाबरोबरच कंटेम्पररी व पॉलिनीशियन व्हिलेज ही दोन हॉटेले उघडण्यात आली. कंटेम्पररीच्या खोल्या जवळच्या कारखान्यात तयार करून यारीने उचलून पोलादी सांगाड्यात बसविण्यात आल्या होत्या. मोनोरेल या इमारतीच्या आतूनच जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तंबू व फिरती घरे यांसाठी फोर्ट विल्डर्नेस हा तळ सुरू झाला. लवकरच लेक ब्युना व्हिस्टा येथे इतर हॉटेल कंपन्यांना भाडेपट्ट्याने जागा देण्यात आली. जमीन डिझ्नीची व हॉटेल दुसऱ्याचे, असा हा मधला तिसरा प्रकार होय.

तथापि एवढी जमीन हाती असूनही हॉटेलांची वाढ बराच काळ मंदच राहिली. येणाऱ्या गर्दीचा मोठा भाग किसिमी येथील १९२ क्रमांकाचा महामार्ग व ऑरलँडोतील इंटरनॅशनल ड्राइव्ह यांच्या कडेच्या हॉटेलांत राहू लागला. १९८४ मध्ये मायकेल आयस्नर (जन्म १९४२) व फ्रँक वेल्स (१९३२–९४) यांच्याकडे कंपनीची सूत्रे आल्यावर हे धोरण बदलले. १९८८ मध्ये उच्च श्रेणीचे ग्रँड फ्लॉरिडियन व मध्यम दराचे कॅरिबियन बीच, १९९० मध्ये वास्तुशिल्पज्ञ मायकेल ग्रेव्ह्‌ज (१९३४–२०१५) यांच्या आराखड्यानुसार बांधलेली स्वॉन व डॉल्फिन, तर १९९४ मध्ये अल्प दराचे ऑल-स्टार स्पोर्ट्‌स, अशी हॉटेले होत गेली. ऑल-स्टारची स्पर्धा सरळ रस्त्याकडेच्या मोटेलांशी होती. आवारातील निवास ही केवळ श्रीमंतांची चैन न राहता मध्यमवर्गीय कुटुंबालाही तेथे निवड करण्यास वाव मिळाला.

वेळेचे मूल्य : आवारातील व बाहेरील हॉटेलांत खोली, बिछाना, स्नानगृह यांचा फरक फारसा नसतो. अनेकदा त्याच पैशात बाहेर अधिक मोठी खोली व फुकट न्याहारी मिळते. म्हणून उद्यानचालकांनी आपल्या पाहुण्यांना अशी एक वस्तू देण्यास प्रारंभ केला, जी बाहेरचा व्यावसायिक देऊच शकत नाही. ती वस्तू म्हणजे वेळ. फ्लॉरिडात आवारातील पाहुण्यांना ठराविक दिवशी उद्यानात अधिक काळ राहू देण्याची प्रथा होती. २०२१ पासून तिचे स्वरूप दररोज अर्धा तास आधी प्रवेश असे झाले. रांग टाळण्यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेली फास्टपास ही सोय प्रथम सर्वांना सारखीच होती. २०१४ मध्ये ती आगाऊ नोंदणीची झाल्यावर आवारातील पाहुण्यांना ६० दिवस आधी, तर इतरांना ३० दिवस आधी नोंदणी करता येऊ लागली. २०२१ मध्ये तिच्या जागी सशुल्क व्यवस्था आली. २०२४ मधील बदलानुसार ही मुदत आवारातील पाहुण्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी व इतरांना तीन दिवस आधी अशी झाली. ऑरलँडो येथीलच युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी संस्थेने १९९९ पासून लोज समूहाच्या सहकार्याने हॉटेले उभारली. त्यांपैकी उच्च श्रेणीच्या तीन हॉटेलांतील पाहुण्यांना तेथील दोन जुन्या उद्यानांत रांग टाळण्याचा परवाना खोलीच्या भाड्यातच मिळतो. स्वस्त श्रेणीतील पाहुण्यांना तो मिळत नाही.

अशा सवलती कायमच्या नसतात, हेही इतिहासावरून दिसते. विमानतळापासून डिझ्नी हॉटेलांपर्यंतची मोफत बससेवा २००५ मध्ये सुरू झाली व २०२१ अखेर बंद झाली. आवारातील पाहुण्यांकडून रात्रीच्या मोटारतळाचे शुल्क २०१८ पासून घेण्यात येऊ लागले व २०२३ मध्ये ते रद्द झाले. त्यामुळे जुन्या अनुभवावरून केलेला हिशेब पुढील प्रवासात चुकण्याचा संभव असतो.

यूरोप व आशिया : फ्लॉरिडाचा नमुना सर्वत्र यशस्वी झाला नाही. पॅरिसजवळ मार्न-ला-व्हाले येथे १२ एप्रिल १९९२ रोजी यूरो डिझ्नी सुरू झाले, तेव्हा तेथे सहा हॉटेले व सुमारे ५,००० खोल्या एकदमच तयार होत्या. प्रवासी अनेक रात्री राहतील, हे गृहीत चुकीचे ठरले. पॅरिस सु. ३२ किमी. वर असून उपनगरी रेल्वे थेट उद्यानाच्या दारापर्यंत येत होती. बहुसंख्य लोक सकाळी येऊन रात्री परत जाऊ लागले. पहिल्याच हिवाळ्यात एक मोठे हॉटेल काही काळ बंद ठेवावे लागले आणि १९९४ मध्ये कर्जाची पुनर्रचना करावी लागली. टोकिओ डिझ्नीलँडने (१९८३) याउलट मार्ग पत्करला. ओरिएंटल लँड कंपनीच्या मालकीच्या या उद्यानाजवळ प्रथम इतर समूहांची हॉटेले झाली. डिझ्नीच्या नावाचे पहिले हॉटेल तेथे २००० मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी, आले. २००१ मधील मिराकोस्टा हे हॉटेल तर डिझ्नीसी उद्यानाच्या आतच आहे. महानगर जवळ असेल, तर आवारातील निवासाची मागणी सावकाश वाढते, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळ २०१३ मध्ये ॲडलॅब्ज इमॅजिका हे उद्यान सुरू झाले व २०१५ मध्ये त्याला लागून नोव्होटेल हे हॉटेल झाले. मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे द्रुतगती मार्गाने जोडलेली असल्याने तेथील प्रवाशापुढेही मुक्काम करावा की त्याच दिवशी परतावे, हाच पहिला प्रश्न असतो.

भोवतालच्या नगरांवरील परिणाम : ऑरलँडो परिसरातील हॉटेल-खोल्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. परंतु आवारातील अल्प दराची हॉटेले वाढल्यावर महामार्गाकडेच्या जुन्या मोटेलांना उतरती कळा लागली. १९२ क्रमांकाच्या महामार्गावरील अनेक मोटेलांत आता सहलीला आलेली कुटुंबे राहत नाहीत. घराचे भाडे व अनामत रक्कम एकदम भरू न शकणारी गरीब कुटुंबे तेथे आठवड्याच्या भाड्याने राहतात. द फ्लॉरिडा प्रोजेक्ट (२०१७) या चित्रपटाने हे वास्तव जगापुढे आणले. ॲनाहाइम येथेही हा संघर्ष दिसून आला. डिझ्नी कंपनीने उद्यानाच्या पूर्वेस नवा मोटारतळ व पादचारी पूल आखला, तेव्हा हार्बर बुलेव्हार्डवरील हॉटेलमालकांनी त्यास विरोध केला. पायी येणाऱ्यांचा जवळचा रस्ता तुटला, तर त्यांच्या व्यवसायाचा आधारच जाणार होता. २०१८ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. उद्यानाच्या फाटकापासून हॉटेलाच्या दारापर्यंतची वाट कोणाच्या ताब्यात आहे, यावर कित्येकांची उपजीविका अवलंबून असते.

निवडीचे निकष : या इतिहासावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. आवारातील निवासाचा लाभ मुख्यतः गर्दीच्या हंगामात, मुक्काम थोड्या दिवसांचा असताना आणि बरोबर लहान मुले वा वृद्ध असताना होतो. दुपारी खोलीवर येऊन विश्रांती घेणे व संध्याकाळी पुन्हा उद्यानात जाणे अशा वेळी सुलभ होते. आवाराबाहेरील निवास मोठ्या कुटुंबास, अधिक दिवस राहणाऱ्यास व एकाहून अधिक संस्थांची उद्याने पाहणाऱ्यास फायद्याचा ठरतो. किसिमी परिसरातील भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर असल्याने जेवणाचा मोठा खर्च वाचतो. मात्र केवळ खोलीचे भाडे तोलून भागत नाही. मोटारीचे भाडे, मोटारतळाचे शुल्क, हॉटेलांचे दैनिक अधिभार, जाण्यायेण्यात जाणारा वेळ यांचीही त्यात भर घालावी लागते. नकाशावरील हद्दीपेक्षा प्रत्यक्ष पायी अंतर पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

२०२५ मध्ये ऑरलँडो येथे सुरू झालेल्या एपिक युनिव्हर्स या उद्यानाला जोडूनच हेलिऑस ग्रँड हे हॉटेल असून त्यातील पाहुण्यांसाठी उद्यानात जाण्याचे स्वतंत्र द्वार आहे. १९५५ मध्ये भांडवलाअभावी हॉटेल दुसऱ्याच्या हाती सोपविणारा हा व्यवसाय आता हॉटेल व उद्यान यांची आखणी एकत्रच करू लागला आहे. त्याबरोबर उद्यानाचे एकच तिकीट घेणाऱ्यांतही भेद पडू लागला आहे. उद्यानात सर्वांना तीच दृश्ये दिसतात. परंतु ती किती लवकर व किती वेळ पाहावयास मिळतात, हे बऱ्याच अंशी प्रवाशाने रात्र कोठे काढली यावर ठरू लागले आहे.