विमानाच्या आधीच्या उड्डाणांचा मागोवा
विमानाच्या आधीच्या उड्डाणांचा मागोवा म्हणजे प्रवाशाला नेणारे विमान त्यापूर्वी कोठे होते व सध्या कोठे आहे, हे पाहण्याची पद्धत होय. एकच विमान दिवसात अनेक फेऱ्या करते. त्यामुळे सकाळचा विलंब सायंकाळच्या फेरीपर्यंत पोहोचू शकतो. बहुतेक प्रवासी विमानांतील एडीएस-बी यंत्रणा विमानाचे स्थान, उंची व वेग १०९० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेवर प्रक्षेपित करते. जमिनीवरील अँटेनांनी टिपलेल्या या संदेशांवरून फ्लाइटरडार२४ सारखी संकेतस्थळे विमानाचा मार्ग दाखवतात. विमानाची ओळख नोंदणी क्रमांकावरून पटते. भारतीय विमानांचा क्रमांक 'व्हीटी' या अक्षरांनी सुरू होतो. मात्र कंपनी ऐनवेळी दुसरे विमान योजू शकते. म्हणून येणारे विमान उशिरा असले, तरी प्रवाशाने नियोजित वेळेनुसारच विमानतळावर पोहोचणे हितावह ठरते.